माळ, वाट आणि पंगत

खाणे, चालणे आणि चार माणसांत राहणे या रोजच्या गोष्टी धर्मसाधनेत मोडतात, की साधना त्यांच्या पलीकडे सुरू होते, हा भारतीय विचारातला जुना प्रश्न आहे. संन्यासमार्गाने तो आपल्यापुरता सोपा करून घेतला: घर सोडावे, भिक्षेत पडेल ते खावे, एका गावात फार दिवस राहू नये. वारकरी संप्रदायाला ही सोय नव्हती. त्याची माणसे शेतकरी, माळी, कुंभार, शिंपी, सोनार, न्हावी. घरी बायकापोरे, दावणीला गुरे. प्रपंच टाकायचा नाही आणि परमार्थही सोडायचा नाही, असा ज्यांचा हट्ट होता त्यांनी साधना ताटात, पायात आणि शेजाऱ्यात बसवली. गळ्यातली माळ, पंढरीची वाट आणि बरोबरीची पंगत या तीन गोष्टींवर हा आचार उभा आहे. पहिल्या दोन संप्रदायाला चांगल्या साधल्या. तिसरी साधायला फार वेळ लागला, आणि त्या विलंबातच त्याच्या तत्त्वज्ञानाची खरी कसोटी दिसते.

अन्नाविषयी ग्रंथांचे म्हणणे एका सुरातले नाही. तैत्तिरीय उपनिषदात भृगू तप करून सर्वप्रथम ज्याला ब्रह्म म्हणून ओळखतो ते अन्न. तिथून तो प्राण, मन, विज्ञान आणि आनंद अशा पायऱ्या चढतो. पण वर गेल्यावरही अन्नाची निंदा करू नये, असे तेच उपनिषद बजावते. छांदोग्य उपनिषद आहार शुद्ध असला की चित्त शुद्ध होते असे सांगते, आणि इथे आचार्यांच्या वाटा फुटतात. शंकराचार्यांच्या भाष्यात हा आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले सगळे विषय. राग-द्वेष गाळून ते घेतले की आहार शुद्ध झाला. रामानुजांच्या परंपरेने प्रत्यक्ष ताटातल्या अन्नाकडे पाहिले आणि त्याचे तीन दोष सांगितले: पदार्थाच्या स्वभावातला जातिदोष, केस-किडा पडल्याने येणारा निमित्तदोष आणि ते कोणाच्या हातचे आहे यावरून येणारा आश्रयदोष. तिसऱ्या दोषामागे दात्याचे शील पाहावे असा हेतू असेलही. व्यवहारात मात्र शील पाहणे अवघड आणि जात पाहणे सोपे, म्हणून आश्रयदोष हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेला पहारेकरीच झाला.

गीतेने हा पेच वेगळ्या तऱ्हेने हाताळला. सहाव्या अध्यायात अतिखादाड आणि अगदीच न खाणारा, दोघांनाही योग साधत नाही असे सांगितले आहे. सतराव्या अध्यायात सात्त्विक, राजस आणि तामस अन्नाचे वर्णन येते. पण त्यात पदार्थांची यादी नाही. रसाळ, स्निग्ध, टिकणारे ते सात्त्विक. फार तिखट, आंबट, खारट, जळजळीत ते राजस. शिळे, नासके, उष्टे ते तामस. स्वयंपाक कोणी केला हा प्रश्न गीता या ठिकाणी विचारत नाही. ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, यावर मराठीत विवरण केले तेव्हा त्यांनी भर दिला तो मापावर: जेवणे, झोपणे, बोलणे, चालणे सगळे बेताचे असावे. देहाला छळून देव मिळत नाही, ही भूमिका तेव्हापासून संप्रदायात कायम राहिली. पंचाग्निसाधन, अघोरी व्रते, काट्यांवर झोपणे असले प्रकार वारकऱ्यांत रुजले नाहीत त्याचे एक कारण हे आहे.

या मापाचा व्यवहारातला आकार म्हणजे तुळशीची माळ. माळ घालणारा मांस आणि दारू सोडतो, एकादशीचा उपवास धरतो, वर्षातून निदान एकदा पंढरीची वारी करायचे कबूल करतो. खोटे बोलणार नाही, परस्त्रीला मातेसमान मानीन, हेही त्याच बोलीत येते. खाण्याचा नियम आणि वागण्याचा नियम एकाच दोऱ्यात ओवलेले असतात, त्यामुळे नुसते शाकाहारी होऊन माळकरी होता येत नाही. शिवाय माळ गळ्यात दिसते. बाजारात माप मारणाऱ्या दुकानदाराला ‘गळ्यात माळ आहे ना रे’ असे कोणीही म्हणू शकतो. आजचा आहारविचार बहुधा स्वतःच्या वजनाशी आणि रक्तातल्या साखरेशी बोलतो; माळ घालणाऱ्याच्या आहारावर सगळ्या गावाची नजर असते. या नजरेचा जाच होतो हे खरे, पण दारूच्या बाबतीत तिने जे काम केले ते पुष्कळ उपदेशांना जमले नाही. माळ घातल्यावर संसार सावरला, अशा घरांच्या हकिगती महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत ऐकायला मिळतात.

एकादशीची कथा जरा निराळी आहे. मूळ कल्पना लंघनाची: पंधरा दिवसांतून एकदा पोटाला विसावा आणि चित्ताला जागरण. दशमीला एक वेळ जेवायचे, एकादशीला निराहार किंवा फलाहार करायचा आणि द्वादशीला पारणे फेडायचे. त्या उपवासाच्या ताटात आज जे पदार्थ मानाने बसतात त्यांतले बरेचसे ज्ञानेश्वर-नामदेवांनी पाहिलेलेही नव्हते. बटाटा, रताळे, शेंगदाणा आणि हिरवी मिरची हे सारे अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या येण्यानंतर, इकडे आले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओकाही तिकडचाच. त्याचे मोठे कारखाने तमिळनाडूत सेलमच्या परिसरात आहेत. धान्य वर्ज्य म्हणून धान्याखेरीज जे जे नवे आले ते उपवासाला चालू लागले. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण समाजाने स्वतःवरच केलेली टीका आहे. साबुदाण्यात जवळजवळ सगळा पिष्टमय भाग, प्रथिने नाममात्र. तुपात परतलेली खिचडी, वर बटाट्याचा कीस आणि चार वेळा चहा, हा बेत मधुमेह्याला रोजच्या भाजी-भाकरीपेक्षा वाईट. भगर त्या मानाने बरी, पण पावसाळ्यात तिला बुरशी लवकर धरते आणि जुन्या भगरीच्या पिठाने विषबाधा झाल्याच्या बातम्या उपवासाच्या दिवसांत येतात. आषाढी एकादशीच्या आधी येणाऱ्या कांदेनवमीचेही असेच. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून आदल्या नवमीला कांद्याच्या भज्यांची, थालीपिठांची चंगळ. नियम पाळायचा आणि जिभेचीही समजूत घालायची, ही गृहस्थाश्रमाची जुनी तडजोड आहे; तिच्यावर रागावण्याचे कारण नाही, फक्त तिला लंघन म्हणू नये.

माळ घरात पाळता येते; वारीसाठी घर सोडावे लागते. आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री अशा चार वाऱ्यांत आषाढी सर्वांत मोठी. तुकाराम महाराजांचे धाकटे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ मध्ये देहूहून पालखीची प्रथा सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीहून ज्ञानेश्वरांचा स्वतंत्र सोहळा उभा केला आणि त्याला लष्करी शिस्त दिली. अंकलीच्या शितोळे सरदारांचे अश्व आजही त्यात चालतात. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून आणि अष्टमीला आळंदीतून निघालेल्या पालख्या आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात शिरतात. आळंदीची वाट पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी साधारण अडीचशे किलोमीटरची.

इतर तीर्थयात्रांत वाट ही मुक्कामाला पोहोचण्यापुरती असते. इथे उलट आहे. एकादशीला विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवायला रांगेत तासन् तास उभे राहावे लागते, म्हणून असंख्य वारकरी कळसाचे दर्शन घेऊन, चंद्रभागेत स्नान करून परततात आणि वारी पूर्ण झाली असे समजतात. ज्या साधनेत देवाची भेट वगळता येते पण चालणे वगळता येत नाही, तिचे साध्य चालण्यातच असले पाहिजे. चालताना पहाटेच्या काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत कोणत्या वेळी कोणते अभंग म्हणायचे याचा क्रम ठरलेला असतो. दिवे घाटाच्या चढावर शेजारच्याचा टाळ थांबला तर आपलाही हात ढिला पडतो, आणि मागच्या ओळीने आवाज उचलला की पाय आपोआप पुढे पडतात. भक्ती ही एकांतात करायची गोष्ट आहे की समूहात, या वादाला वारकऱ्यांनी दिलेले उत्तर इतके शारीरिक आहे.

याच संप्रदायात वारीला एक ठळक अपवाद आहे. अरणचे सावता माळी पंढरपूर जवळ असूनही तिकडे गेले नाहीत, मळ्यातल्या कांदा-मुळ्यातच त्यांना विठ्ठल दिसला, अशी परंपरा सांगते. संप्रदायाने या माणसाला चुकार ठरवले नाही. उलट पंढरपुराहून देवाची पालखी अरणला सावतोबांच्या भेटीला जाते. रोजचे काम नीट करणारा घरी राहिला तरी चालेल, त्याच्याकडे देव येईल, ही सवलत तत्त्व म्हणून फार मोठी आहे. ती सरसकट मागणारे मात्र संप्रदायात कमीच निघाले, कारण मळ्यात विठ्ठल दिसण्याइतके काम करणे हे अडीचशे किलोमीटर चालण्याहून सोपे नाही.

समूह म्हणजे दिंडी. विणेकरी, पखवाजी, टाळकरी, पताकावाले, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका अशी तिची रचना. ज्ञानेश्वरांच्या रथापुढे २७ दिंड्या असतात आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त. प्रत्येक दिंडीची वर्गणी, तंबू, ट्रक आणि स्वयंपाकी आपापले. स्वयंपाकी मंडळींची वारी इतरांहून वेगळी असते. सारी दिंडी टाळ वाजवत निघते तेव्हा ही माणसे भांडी घासून, पिठाची पोती ट्रकवर टाकून पुढच्या तळावर पोहोचलेली असतात; पावसात ओली लाकडे पेटवत, नाहीतर गॅसची शेगडी ताडपत्रीखाली सारत ती आमटीला फोडणी देतात. कीर्तनाला बसायला त्यांना क्वचितच सवड मिळते. वारीवर लिहिणाऱ्यांनी या मंडळींकडे जितके पाहायला हवे होते तितके पाहिले नाही.

तळावर सायंकाळी होणारी समाजआरती ही या समूहाची रोजची सभा असते. पालखीभोवती दिंड्या गोल उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार हातातला दंड उंच करून पुकारा करतो आणि एका क्षणात सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. पाणी मिळाले नाही, चालण्याच्या क्रमात दुसरी दिंडी घुसली, असे काहीतरी असते. चोपदार त्या दिंडीपाशी जाऊन ऐकून घेतात, तिथेच निवाडा होतो, मग ते टाळ थांबतात. हरवले-सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या निघायची वेळ सांगितली जाते आणि नंतर आरती होते. देवाची आरती माणसांची तक्रार मिटेपर्यंत खोळंबते, हा क्रम समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावा असा आहे.

वाटेवरची गावे जेवण घालतात तेही असेच ठरलेले. तुकाराम महाराजांच्या पालखीला यवतला पिठले-भाकरी असते. गावातल्या घराघरांतून भाकऱ्या थापल्या जातात आणि पिठले मोठ्या कढयांत शिजते. ज्वारी-बाजरीची भाकरी, बेसन, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी हे दिवसभर चालणाऱ्याला पुरणारे आणि अंगाला सोसणारे अन्न आहे. अलीकडे शहरातल्या मंडळांकडून बिस्किटांचे पुडे, वेफर्स आणि गोड पेये वाटली जातात. देणाऱ्याचा हेतू चांगला असला तरी चालणाऱ्याच्या पोटाला त्याचा उपयोग थोडा आणि रस्त्यावर प्लास्टिकचा खच मोठा.

इथवर सारे जुळत आले. अडले ते पंगतीपाशी. वाळवंटात सगळे एकमेकांना माउली म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात, लहान-थोर पाहत नाहीत. पण पाया पडणे आणि पाटाला पाट लावून जेवणे यांत जातीने मोठा फरक मानला. प्रवासाला निघताना दुधात पीठ भिजवून दशम्या बांधून घेण्याची चाल याच सावधगिरीतली: पाण्याने भिजवलेले अन्न खरकटे, दुधातले तसे नव्हे, म्हणून दशमी वाटेत कुठेही चालते. संतकथा मात्र पुन्हा पुन्हा इथेच बोट ठेवतात. चोखोबांच्या घरी विठ्ठल जेवायला बसतो आणि सोयराबाईंच्या हातून त्याच्या वस्त्रावर दही सांडते. पैठणचे एकनाथ (१५३३–१५९९) श्राद्धाचा स्वयंपाक अस्पृश्यांना वाढतात आणि ब्राह्मणांचा रोष ओढवून घेतात. त्यांचे चिरंजीव हरिपंडित परान्न घेऊ नये आणि मराठीत पुराण सांगू नये या अटींवर बापाशी भांडतात. महिपतींनी अठराव्या शतकात या कथा घरोघरी पोहोचवल्या. लोकांनी त्या डोळे पुसत ऐकल्या आणि उठून आपापल्या पंगतीत जाऊन बसले. चमत्काराच्या कथेचा हा एक तोटा आहे: देवाने केले ते देवाला शोभले, असे म्हणून माणसाला सुटता येते. खुद्द चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, मंदिराच्या बाहेरच राहिली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर इरावती कर्वे वारीला गेल्या आणि त्यांनी ‘वाटचाल’ हा लेख लिहिला. एकाच दिंडीत दिवसभर बरोबर चालणारे, एका सुरात गाणारे ब्राह्मण आणि मराठे मुक्कामाला वेगवेगळे जेवत, हे त्यांनी पाहिले आणि त्याची खंत लपवली नाही. पंढरीला जाणाऱ्यांचा देश तो महाराष्ट्र, असे म्हणावेसे वाटणाऱ्या लेखिकेनेच ही फट नोंदवावी, याला महत्त्व आहे.

पंगतीवर थेट घाव घालण्याचे काम बरेचसे संप्रदायाबाहेरच्यांनी केले. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा काढली. तिच्यात येणाऱ्याला परजातीच्या, परधर्मीयाच्या हातचा पाव खाऊन दाखवावा लागे. हे सारे गुप्तपणे चाले. १८६० मध्ये सभासदांची नावे फुटली आणि सभा बसली. ज्यांनी ब्रह्मज्ञानाची भीती बाळगली नाही ते पावाच्या तुकड्याची बातमी फुटताच पांगले, यावरून त्या काळी अन्न ही केवढी दहशत होती ते कळते. पुढे समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर सहभोजने उघड्यावर घातली आणि सत्यनारायणाच्या पूजेत दलित जोडप्याला मान दिला. पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंना उतरायला जागा मिळत नसे, तेव्हा गाडगे महाराजांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढे ती डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण केले आणि विठ्ठलमंदिर सर्वांना खुले झाले. ज्या परंपरेत उपवास हे व्यक्तीच्या पुण्याचे साधन होते तिथे तो समाजाच्या दारावर धडक मारायला वापरला गेला, आणि एकादशीच्या सर्व पारण्यांहून त्याचे मोल अधिक धरावे लागेल.

सहभोजनाने जात मरेल काय, या प्रश्नावर डॉ. आंबेडकरांचे मत स्पष्ट होते. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी लिहिले की एकत्र जेवल्याने जातीची भावना गेलेली नाही, मिश्रविवाह हवेत आणि शास्त्रांच्या पावित्र्यावरची श्रद्धाच हलली पाहिजे. हे खरे मानले तरी पंगत निरुपयोगी ठरत नाही. ती शेवटची पायरी नाही, इतकेच त्यातून सिद्ध होते, आणि खालची पायरी गाळून वर चढणाऱ्यांची उदाहरणे कमी आहेत.

संप्रदायाजवळ या प्रश्नाचे स्वतःचे उत्तर होते, पण ते वर्षातून मोजक्या वेळाच बाहेर येई. ते म्हणजे काला. आषाढी पौर्णिमेला पालख्या गोपाळपुरात जमतात आणि गोपाळकाला होतो: लाह्या, दही, पोहे, ज्याने जे आणले ते एकत्र कालवायचे आणि एकमेकांच्या मुखात घालायचे. उष्ट्याला गीतेने तामस म्हटले आहे; काल्यात उष्ट्यालाच प्रसाद मानतात. ज्या आश्रयदोषाने शतकानुशतके स्वयंपाकघरे राखली तो इथे मुळातूनच बाद होतो, कारण घास कोणाच्या हातचा हे सांगताच येत नाही. सप्ताहाच्या शेवटी होणाऱ्या काल्याच्या कीर्तनाने ही गोष्ट गावोगाव नेली. गोदावरीतल्या सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या परंपरेतल्या सप्ताहात तर आमटी-भाकरीचा मोठाच बेत असतो. भोवतालच्या गावांतल्या घराघरांतून भाकऱ्या गोळा होऊन ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून येतात आणि एका ढिगात पडतात. कोणती भाकरी कोणत्या आळीतली, हे वाढणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि खाणारा विचारत नाही.

या ढिगापुढे आश्रयदोषाचा विचार करणे अशक्य होते, म्हणून तो मोडतो. पण घरच्या स्वयंपाकात तो अजून पुष्कळ ठिकाणी शिल्लक आहे. माळेची दीक्षा एका दिवसात होते, वारी तीन आठवड्यांत पुरी होते, मंदिराचे दार उघडल्याचे वर्ष १९४७ असे सांगता येते. घरातली पंगत सर्वांना मोकळी झाल्याचे असे एकही वर्ष मराठी समाजाला अजून सांगता येत नाही.